कबाकाच्या दारातला विस्तव

दापोडीत आमच्या गल्लीत एक रीत होती, अजूनही थोडीफार आहे. घरातलं कुणी शिफ्टला गेलेलं असलं की दाराबाहेरचा बल्ब चालू ठेवायचा. जो सगळ्यात शेवटी घरी येईल त्यानं आत शिरताना तो बंद करायचा, दुसऱ्या कुणी बटणाला हात लावायचा नाही. त्यामुळे कुणाचा माणूस अजून कंपनीत आहे आणि कुणाचा आला, हे नुसत्या दाराकडे बघून कळायचं. आमचे हे पिंपरीच्या एका कंपनीत होते. बाहेरच्या बटणाचा खटका ऐकल्याशिवाय मला झोप म्हणून लागत नसे. ते आजारपणात गेले आणि खटका थांबला. पुढे मुलगा चाकणला लागला तेव्हा तो पुन्हा सुरू झाला, आणि घराला पुन्हा घरपण आलं असं मला वाटलं.

मग कंपनीनं त्याला युगांडात, कंपालाला पाठवलं. चाकणला बनलेल्या मोटारसायकली सुट्या करून खोक्यांतून आफ्रिकेत जातात आणि तिथं परत जोडतात. तिथल्या पोरांना ते जोडकाम शिकवायला हा गेला. जाताना म्हणाला, आई, दोन वर्षं. दोन वर्षं झाली, मग आणखी थोडं, मग आणखी थोडं. मी बल्ब रोज संध्याकाळी लावत राहिले. समोर राहणारी बाई दापोडी गावठाणातली, जुनी माणसं, बोलायला फटकळ. ती एकदा म्हणाली, तो काय लोणावळा लोकलनं येणार हाय का, कशापायी जाळताय? मी म्हटलं, तुमच्या डोळ्यांवर उजेड येतो का? नाही ना? मग झोपा.

मीही काही गरीब गाय नव्हे. माझी सगळी नोकरी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे गेली. रांग मोडून कुणी पुढे आलं, मग तो नगरसेवकाचा मेहुणा का असेना, त्याला मी मागे धाडत असे. लोक मला घाबरत आणि मला ते आवडत असे. निवृत्त झाल्यावर घाबरायला कुणी उरलं नाही, ही वेगळी गोष्ट.

गेल्या वर्षी चाकणहून त्याच्या जुन्या साहेबांचा निरोप आला. त्यांच्याकडे एक जागा रिकामी होत होती आणि ती त्यांनी याच्यासाठी धरून ठेवली होती. महिन्याभरात हो की नाही ते कळव, म्हणाले. मुलगा फोनवर नुसता बरं, बरं करत होता. मी पासपोर्ट काढलेलाच होता. म्हटलं, फोनवर हे काम व्हायचं नाही, जाऊन घेऊनच येते. बॅगेत काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ भरलं आणि विमानात बसले. मी फिरायला चालले आहे असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर मी माझं पोर परत आणायला चालले होते.

कंपालात उतरले आणि पहिल्यांदा दिसल्या त्या आपल्याच गाड्या. रस्त्यावर जिकडं तिकडं मोटारसायकली, मागे कधी दोन तर कधी तीन माणसं, नाहीतर केळीचे घड. नाशिक फाट्यावर ट्रेलरांवर चढलेल्या गाड्या मी जन्मभर बघितल्या होत्या. त्या जातात कुठे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मुलगा प्रत्येक गाडीकडे बोट दाखवून ती कुठल्या वर्षाची ते सांगत होता. माती तांबडी, सगळा चढउतार, आणि शेंगदाणा तर घरोघरी. मी नेलेली चटणी बघून तो हसला, म्हणाला, आई, तू समुद्राला मीठ घेऊन आलीस. मला ते फारसं आवडलं नाही.

त्याची खोली नीटनेटकी होती. जरा जास्तच. एकट्या पुरुषाच्या खोलीत पडद्याला घड्या घालून पिना लावलेल्या नसतात. पण मला माझ्या कामाशी मतलब होता, आणि त्यासाठी मी रविवार धरला होता. रविवारी आपण राजवाडा बघायला जाऊ, असं त्यानंच ठरवलं होतं. दाखवायला त्याची एक मैत्रीण येणार होती.

ती आली आणि दारातच माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. पंचविशीच्या पुढची असेल. अंगात खांद्यांना टोकं काढलेला पायघोळ झगा, कमरेला रुंद रेशमी पट्टा. हा झगा शिवणारा पहिला शिंपी म्हणे गोव्याहून आलेला होता. मी दचकून मागे झाले. आम्ही बौद्ध. आमच्या घरात गुडघे टेकतात ते विहारात, वंदनेला. माणसानं माणसापुढं असं बसलेलं मला बघवत नाही. मी तिला दंडाला धरून उठवायला गेले, तर ती उठेना. मुलगा म्हणाला, आई, आधी तिला कशी आहेस म्हणून विचार, मग ती उठेल, इथं मोठ्यांना असंच भेटतात. मी विचारलं. ती उठली. तिच्या पिशवीत पांढरे कापडी बूट दिसले. विचारलं तर कळलं, दवाखान्यात नर्स आहे, दुपारी ड्युटीवर जायचंय. दवाखान्याचं माणूस निघाल्यावर माझा आवाज जरा खाली आला.

तिथल्या राजाला कबाका म्हणतात. त्याचा वाडा मेंगो नावाच्या टेकडीवर. गोऱ्यांचं राज्य आलं तेव्हाही हे राजे राहिले, आणि वाडा त्याच काळातला. त्यांच्या दरबाराच्या इमारतीपासून वाड्यापर्यंत एक सरळसोट रस्ता जातो. दोन्ही बाजूंना तिथल्या कुळांची चिन्हं उभी केली आहेत, आपल्याकडे देवक असतं तशी. मुलीचं कुळ निघालं नाकतोड्याचं. त्या कुळाची माणसं नाकतोडा खात नाहीत, बाकीचे आवडीनं खातात. मी मुलाला म्हटलं, हिला सांग, आमच्याकडे कुणीच खात नाही, सगळे तुझ्याच कुळातले. त्यानं सांगितलं. ती इतकी हसली की तिला थांबून पट्टा नीट करावा लागला. मी हसवायला म्हणून बोलले नव्हते, पण बरं वाटलं.

रस्त्याच्या मधोमध एक चौक लागला, वर्तुळासारखा. गाड्या, माणसं, सगळी वळसा घालून जात होती. आणि वर्तुळाच्या बरोबर मधून एक वाट सरळ आरपार, तिला फाटक, फाटकाला कुलूप. ती म्हणाली, ही वाट फक्त कबाकाची. त्यानं वळायचं नसतं, तो सरळच जातो. एकट्यासाठी फाटक उघडतात आणि लगेच लावतात.

माझं डोकं फिरलं. एकाची वाट आणि बाकीच्यांना वळसा, हे ऐकलं की मला आमच्या आजीनं सांगितलेलं सगळं आठवतं. वर केसपेपरची खिडकी अंगात होतीच. मी भर चौकात मुलाला सुनावलं की असल्या राजाचा वाडा मला बघायचा नाही. मुलीनं विचारलं, आई काय म्हणतात? त्यानं काय सांगितलं कोण जाणे. तिनं माझा हात धरला आणि आम्ही तिघं वळसा घालून पुढं गेलो. तिचा तळवा खरखरीत होता. दवाखान्यात सारखे हात धुवून होतो तसा.

वाड्याच्या फाटकापाशी विस्तव होता. शेकोटी नव्हे. जाड ओंडके टोकाला टोक लावून ठेवलेले, मधे राख आणि धूर. ज्वाळ कुठेच नव्हती, लाकडांची तोंडं विस्तवापासून सरकली होती. लहानपणी घरच्या बंबाची जबाबदारी माझ्याकडे असायची. अंघोळीच्या पाण्याखालचं लाकूड सरकलं की चालता चालता आत सारायचं, ही सवय हाडात गेलेली. मी वाकले आणि एक ओंडका आत सारला.

पांढरा लांब झगा आणि वर कोट घातलेला एक म्हातारा ओरडत धावत आला. आमच्याबरोबरची मुलगी झटकन गुडघ्यांवर बसली आणि त्याच्याशी बोलायला लागली. ती मुलाला इंग्रजीत सांगे, मुलगा मला मराठीत. मधल्या मध्ये काय काय गळलं असेल देव जाणे. मुद्दा एवढा की या विस्तवाला ठरलेल्या माणसांशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि म्हातारा त्यांतला. त्यानं मी सारलेला ओंडका बाहेर ओढला, राखेत घासून विझवला, बाजूला टाकला आणि त्याच जागी दुसरा ठेवला. मला राग यायला हवा होता. पण माझ्या खिडकीत कुणी बाहेरून हात घातला असता तर मीही तेच केलं असतं. मी हात जोडले. त्यानंही मान हलवली.

मग मला राहवेना. मी विचारलं, राजा आहे का आत?

नाही, राजा इथं राहतच नाही. त्याचं घर दुसरीकडे आहे, इथं तो समारंभापुरता येतो. मग आता कधी येणार? म्हाताऱ्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मग हे इथं बसून वाट कुणाची बघतात?

मुलानं हे पुढं सांगितलं. म्हातारा माझ्याकडे बघत बराच वेळ बोलला. त्यातलं मुलानं मला इतकंच सांगितलं, “वाट नाही बघत म्हणतात. राजा आहे, एवढं लोकांना कळावं म्हणून जळतं. तो वारला की मगच विझवायचं.”

मला ते काही पटलं नाही. म्हटलं, नोकरी आहे त्याची, तो तसंच सांगणार.

वाडा आतून बघू देत नाहीत. बाहेरून बघितला. फिक्या रंगाचा, वर घुमट, पुढं दगडी पायऱ्या, दार बंद. आपल्याकडचे राजवाडे मनात धरून गेलं तर लहानच म्हणायचा. एका माहितगारानं आम्हाला फिरवलं. त्यानं सांगितलं, एकदा सैन्य चालून आलं आणि तेव्हाच्या राजाला भिंत ओलांडून पळावं लागलं. तो परमुलखात गेला आणि तिकडंच वारला. मग खाली उतारावर काँक्रीटच्या अंधाऱ्या खोल्या दाखवल्या. मधल्या वाईट दिवसांत, लष्कराच्या राज्यात, तिथं माणसं कोंडून मारली. मला तिथं उभं राहवेना. वर आल्यावर मी माहितगाराला विचारलं, तो राजा पळाला तेव्हा त्याची आई होती का? एवढी तारीखवार माहिती पाठ, आणि हे कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

मुलगी तिथूनच ड्युटीला गेली. एका मोटारसायकलवाल्याला हात केला, झगा सावरून आडवी बसली आणि आमच्याकडे बघत उतारावरून दिसेनाशी झाली. आम्ही दोघं फणसाच्या झाडाखाली बसलो. खाली सगळं शहर दिसत होतं. मी मनात जुळवून ठेवलेलं सगळं विसरले. घराला रंग द्यायचाय, मोशीला एक फ्लॅट बघून ठेवलाय, तिथून चाकण जवळ, असं बरंच सांगायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच.

“चल आता घरी. साहेबांना हो म्हणून सांग.”

तो गवत उपटत राहिला. मग म्हणाला, “बघू, आई.”

त्याचं बघू मला पाळण्यापासून ठाऊक आहे. क्लास लावायचा का? बघू. मुलगी बघायला जायचं का? बघू. बघू म्हणजे नाही. पण इतक्या लांब आल्यावर आईला खोटी आशा धरायचा हक्क असतो. मी धरली. दुपारभर त्याच्या घरात मी चाकणच्या गोष्टी काढत होते आणि तो हं हं करत होता.

दिवस मावळायला आला तसा तो उठला. दाराबाहेरचा बल्ब लावला आणि आत येऊन तांदूळ निवडायला बसला. मी आधी लक्ष दिलं नाही. त्या खटक्याची मला इतकी सवय की तो कानावर येऊनही मनावर आला नाही. थोड्या वेळानं उजेड दाराखालून आत आला तेव्हा मी म्हटलं, अरे, आपण दोघंही घरात आहोत, तो बंद कर ना.

ताट मांडीवर, हातात तांदूळ. त्यानं वर बघितलं नाही. “ती यायची आहे,” म्हणाला.

भात झाला, मी बाजरीच्या भाकरी थापल्या. हात आपोआप चालत होते, भाकरी गोल होत होत्या, आणि आतून मी पार रिकामी होत होते. तिथं माझं कुणी काही हिसकावून घेत नव्हतं. भांडायला समोर कुणी नव्हतंच. नुसता एक बल्ब होता.

आठच्या पुढं पावलं वाजली. दार उघडायच्या आधी बाहेर खटका झाला. दाराखालचा उजेड गेला. मग ती आत आली, पांढरे बूट काढून कोपऱ्यात ठेवले, मला बघून पुन्हा गुडघे टेकायला लागली.

कुणी घरी आल्याचा तो खटका मी कितीतरी वर्षांनी ऐकला, दुसऱ्या देशात, दुसऱ्याच्या हातचा. घरातलं शेवटचं माणूस आलं. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ एवढाच होतो, आणि तो अर्थ माझ्या पोरानं तिला शिकवला होता. घर पूर्ण झालं होतं आणि ते दापोडीत नव्हतं.

मी तिला गुडघे टेकू दिले नाहीत. यावेळी दंड घट्ट धरला. जेवायला बसवलं, तिच्या ताटात भाकरी वाढली, वर चटणी. ती चटणी तिनं दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर मी मुलाला म्हटलं, “साहेबांना नाही म्हणून कळवून टाक. माणसांना टांगून ठेवू नये.”

तो मग उठून भांडी घासायला गेला आणि नळ फार वेळ सोडून ठेवला. माझ्या पोरानं रडताना नेहमी नळाचाच आडोसा घेतलेला आहे.

विमानतळावर दोघं आले होते. लग्नाचं मी बोलले, विहारात करू म्हटलं, तुमच्याकडचं तुमच्याकडे करा. तिनं मान डोलावली. मी खूष आहे असं सगळ्यांना दिसेल इतपत हसले. विमान वर गेल्यावर मी तोंडावर पदर घेतला आणि शेजारच्या बाईनं काही न विचारता मला तिच्याकडचं पाणी दिलं.

घरी आले त्या संध्याकाळी सवयीनं हात बटणाकडे गेला आणि मी तो मागे घेतला. आता कुणाची वाट बघायची? तो त्याच्या घरी पोहोचला होता. दाराबाहेर अंधार राहिला. मी आत बसून बॅगेतले कपडे काढत होते, पण घर मला ओळख देईना.

अर्ध्या तासात दार वाजलं. समोरची बाई होती. हातात झाकलेली वाटी, तोंडभर हसू. माझ्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाली, “आला न्हवं पोरगा? बल्ब बंद दिसला. मंग म्हटलं गोड काईतरी न्यावं.” तिनं शिरा केला होता.

तिची काही चूक नव्हती. आमच्या गल्लीत बंद बल्बाचा दुसरा अर्थ होतच नाही. मला तिच्या अंगावर खेकसायचं होतं, जमलं नाही. मी म्हटलं, तो आला नाही. तिकडंच राहणार आहे, लग्न करतोय. तिचं हसू उतरलं. वाटी धरून ती तशीच उभी राहिली. मला तो धुरकट विस्तव आठवला, तो म्हातारा, त्याचं ओंडका काढून बाजूला टाकणं. मी बाहेर आले आणि बटण दाबलं.

तिनं बल्बाकडे बघितलं. “न्हाई यायचा म्हणता, मंग आता कशापायी लावताय?”

“तो हाय,” मी म्हटलं. “म्हणून.”

ती पायरीवर बसली आणि मला बसायला जागा केली. आम्ही एकाच वाटीतून शिरा खाल्ला. जरा गोड कमी होता, ते मी तिला सांगितलंही.

आता तो मी रोज लावते आणि सकाळी मीच बंद करते. बंद करताना बोट बटणावर ठेवून सावकाश दाबते, खटका होऊ नये म्हणून. तरी होतोच, आणि मी अजून रोज दाराकडे बघते.